हुकूम वाचून होईपर्यंत

कचेरीत माझा आवाज खणखणीत म्हणून दंडाधिकारी साहेब जमावबंदीचा हुकूम माझ्याकडूनच वाचून घेतात. नियम असा, की हुकूम शेवटपर्यंत वाचायचा, मग लोकांना उठायला दहा मिनिटं द्यायची आणि त्यानंतर पोलिसांनी लाठ्या घेऊन पुढं व्हायचं. एरवी मी दोन मिनिटांत उरकून मोकळा होतो.

आज कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी एक्केचाळीस शिलाईवाल्या बायका बसल्या होत्या. लघवीला जायलासुद्धा सुपरवायझरची परवानगी लागते, यावरून संप. कामगार अधिकाऱ्यांनी मालकाशी आठवडाभर बोलणी केली, ती सकाळी फिसकटली आणि हुकूम निघाला. दुसऱ्या ओळीत माझी लेक बसली होती, ठमी. निघताना बजावलं होतं, आज तिकडं फिरकू नकोस म्हणून. ऐकेल तर शपथ. हट्टीपणात अगदी बापावर गेलीय.

पोलिस हेल्मेटचे पट्टे आवळत होते. मी शब्द चावत चावत वाचू लागलो. 'पाच किंवा पाचांहून अधिक' दोनदा वाचलं, खोकलो, पाणी मागितलं. साहेब म्हणाले, उरका आता. शेवटची ओळ आली आणि मला राहवेना.

"ठमे, ऊठ गं," मी कर्ण्यातूनच म्हणालो. "घरी जा."

सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. दोघीतिघी फिसकन हसल्या. ठमी लालबुंद होऊन उठली. सुटलो बुवा, असं मला वाटलं. पण ती घराकडं न वळता तडक माझ्यासमोर आली.

"बाबा, माझंच नाव का घेतलंत? त्यांनाही बाप आहेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगतो, तोवर मला तिथं एकटी तीच दिसत होती. बाकी सगळा जमाव.

तुझ्या शेजारची कोण, मी विचारलं. तिनं नाव सांगितलं. मी ते कर्ण्यात घेतलं आणि तिलाही घरी जा म्हटलं. ती पिकल्या केसांची बाई दचकून माझ्याकडं बघायला लागली. मग तिच्या पलीकडचीचं नाव घेतलं. तेवढ्यात साहेब घड्याळाकडं बघत जवळ आले. वाचून झालं का, दहा मिनिटं धरायची का, असं त्यांनी विचारलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत.

"नाही साहेब," मी म्हणालो. "अजून अडतीस जणी राहिल्यात."