परात धरली तरच मला ऐकू येतं

मी वायफाय कार्ड बोलतोय. माझ्या डोक्यावर दोन काळ्या अँटेना आहेत, म्हणून विठाआजी मला बैल म्हणतात.

माझा पहिला कॉम्प्युटर भंगारात गेला. मी उल्हासनगरच्या एका दुकानात, जुन्या रिमोटांच्या डब्यात येऊन पडलो. एके दिवशी बदलापूरहून आण्णा आले.

"चलेगा क्या?"

"चलेगा? दौडेगा, काका!" शेठ म्हणाला. मला स्वतःला एवढी खात्री नव्हती.

आण्णांना घाई होती. त्यांची सून स्वप्नाली जिन्यावरून पडली होती. पाय आणि मोबाईल एकाच पायरीवर मोडले. त्यातच इंदूरला तिच्या भाचीचं बारसं ठरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा!

"माझ्या बटणाच्या फोनवरून सांग की," आजी म्हणाल्या.

"कान दिसल्याशिवाय कानात कसं सांगू, आई?"

हे सगळ्यांनाच पटलं. म्हणून घरातला जुना कॉम्प्युटर पुसून काढला आणि आण्णांनी मला त्यात बसवलं. आधी खोडरबरने माझे खाचेत बसणारे सोनेरी दात घासले. पण मला चालवायचं सॉफ्टवेअर नेटवर, आणि नेट येणार माझ्यातून.

"किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप!" असं म्हणत आण्णा पेन ड्राइव्ह घेऊन पुन्हा उल्हासनगरला गेले.

शेजारच्या तेजलने तिच्या वायफायचा पासवर्ड दिला आणि ती कामावर गेली. बारशाची वेळ झाली, तरी मला तिच्या घरातल्या राउटरचं काही नीट ऐकू येईना. चित्र यायचं, अडकायचं. पाळण्याजवळ बाळाची मावशी प्रीती बसली होती.

"नेट लागत नसेल तर मी सांगते हो नाव!"

"आत्या जिवंत असताना?" स्वप्नाली प्लास्टरसकट उठायला निघाली.

तेवढ्यात आजी पीठ मळायची परात घेऊन माझ्यामागून चालल्या. एकदम मला सगळं लख्ख ऐकू आलं!

"हलू नको!" आण्णा ओरडले.

आजी परात धरून उभ्या राहिल्या. पडद्यावर इवलासा गुलाबी कान आला. स्वप्नालीने माईकला ओठ लावले.

"लवकर सांग गं, हात भरून आला!"

"कुर्रर्र... सई!"

नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. आजींना राहवलं नाही. त्यांनी परात सोडली आणि स्वप्नालीच्या पाठीत दणका दिला. चित्र गेलं. आवाज गेला.

"पोचलं का नाव?" स्वप्नाली रडवेली झाली. मला तरी काय ठाऊक?

आण्णांनी परात उचलून माझ्यामागे धरली. स्पीकरमधून आवाज आला: धप! धप! धप! इंदूरची सगळी मंडळी रांगेने लॅपटॉपच्या पाठीत धपाटे घालत होती. सगळ्यात जोरात प्रीती.

स्वप्नाली हसत हसत रडली. नाव पोचलं होतं.

आता परात माझ्यामागेच उभी असते. रोज भाकरीच्या वेळी आजी ती नेतात आणि मी बहिरा होतो. माझी तक्रार नाही; पोट आधी. फक्त एवढंच सांगणं, आजी: भाकऱ्या झाल्या की ती धुऊन जागेवर ठेवा. सई आता हुंकार देऊ लागली आहे.