रिकामा हुक

मित्रांनो, सलाईनच्या बाटल्या टांगून घेण्यात माझं आयुष्य गेलं. मी सांगलीतल्या एका दवाखान्यातला जुना लोखंडी स्टँड आहे. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. डोक्यावर दोन हुक, पायाशी चाकं. नवा होतो तेव्हा नर्सबाई मला रोज पुसायच्या, "कसा अलगद सरकतो बघा," म्हणून कौतुक करायच्या. पुढे माझं एक चाक कुणीतरी लंपास केलं. तिथे लाकडाची खुंटी ठोकली आहे आणि लोक माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. चाक गेलं तेव्हापासून माझा कोणावर म्हणून विश्वास नाही. कोण आलं, पिशवीत काय आहे, जाताना पिशवी हलकी झाली का, सगळ्यावर माझी नजर असते.

मध्यंतरी मला दोन खाटांच्या मधे उभं केलं. डावीकडे लालासाहेब, कवठे महांकाळकडचे निवृत्त सुभेदार. त्यांना न्यूमोनिया झालेला. उजवीकडे शमशेरभाई. उलट्या-जुलाबांनी त्यांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. त्यांचा मुलगा शाहनवाज एसटी स्टँडबाहेर फळांचा गाडा लावतो. दोघांच्याही रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, घसरला होता आणि दोघंही असंबद्ध बोलत होते. मिठाचं दुखणं एकच, पण डॉक्टर शिवांजली मॅडमनी शमशेरभाईंना सलाईन लावलं आणि लालासाहेबांना लावलं नाही. उलट त्यांना पाणीसुद्धा मोजून द्यायचं, अशी ताकीद दिली. माझा उजवा हुक भरलेला आणि डावा रिकामा.

लालासाहेबांच्या बायकोला, बनुबाईला, तो रिकामा हुक बघवेना.

"आवं मॅडम, त्यास्नी बाटली आन आमच्या मालकास्नी साधं पानीबी न्हाई? ह्यो कुठला न्याय?"

"आजी, शमशेरभाईंच्या अंगातून पाणी आणि मीठ दोन्ही गेलंय, ते सलाईननं भरून काढतोय. आजोबांच्या अंगात या न्यूमोनियामुळं पाणी साठून राहतंय, म्हणून मीठ पातळ पडलंय. आमटी पातळ झाली तर तुम्ही काय करता?"

"आटवतो की."

"तेच चाललंय. त्यांना पाणी कमी, हाच त्यांचा उपचार."

बनुबाईने मान डोलावली, पण मॅडमची पाठ वळताच ती पुटपुटली, "त्या गाडेवाल्यानं डाळिंबाची पेटी पोचवली असंल. त्याबिगर न्हाई."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. शाहनवाज रोज एक जड पिशवी पोटाशी धरून यायचा. बापाला उलट्यांमुळे तोंडाने काही द्यायचं नव्हतं, तरी जाताना पिशवी रिकामी! ती रिकामी होते कुठे, हे बघावं म्हटलं, तर नेमकी त्याच वेळी बनुबाई माझ्या डाव्या हुकावर चादर वाळत घालायची आणि मला त्या बाजूचं काही दिसायचं नाही. या पोराचं काहीतरी काळंबेरं आहे, अशी माझी खात्रीच झाली.

इकडे लालासाहेबांचं सोडियम वाढायचं सोडून आणखी उतरलं. एका सकाळी त्यांनी माझ्यावर बोट रोखलं आणि गर्जना केली, "थम! कौन आता है?" मी लोखंडाचा, पण हादरलो. मग ते बनुबाईकडे वळले. "ही बाई कोन? छावनीत हिला कुनी सोडली?"

ज्या माणसाच्या सुट्टीची वाट बघत तिची तरणी वर्षं सरली, तो तिला ओळखेना.

मॅडमनाही आता संशय आला. "आजी, कुणी पाणी देतंय का यांना?"

"न्हाई हो. पोराची आन!"

"मग आज यांना आयसीयूत न्यावं लागेल. तिथं जास्त मिठाचं सलाईन देऊ. पण तेही जपून. मीठ भराभर वाढलं तर मेंदूला इजा होते."

बनुबाई सामान गोळा करू लागली. तेवढ्यात उजव्या खाटेवर शमशेरभाई उठून बसले. सलाईनने त्यांना चांगली हुशारी आली होती.

"मॅडम, माज्या उलट्या थांबल्या. आता मला बी शहाळं द्या की. पोरगं आनतंय माज्यासाठी आन पित्यात सुभेदार!"

"शहाळं?" मॅडम गर्रकन वळल्या.

शाहनवाज गोंधळला. "अब्बांना चालत न्हवतं, म्हणून मी ह्या मावशींना देत होतो. सुभेदारांना ताकद येईल म्हटलं."

"पन म्या पानी कुठं दिलं?" बनुबाई कळवळून म्हणाली. "थेंबबी न्हाई दिला. ह्ये शहाळं हाय! आजाऱ्याला भेटाया जाताना शहाळंच नेत्यात. तुमी ह्यास्नी काय देत न्हाई म्हनून म्या चादरीआड पाजलं."

"आजी, तेही पाणीच. त्यात सोडियम अगदी नावाला असतं."

बनुबाई आपल्या हातांकडे बघत राहिली. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. शाहनवाजने तर डोकंच धरलं. त्या पोराच्या पिशवीत निव्वळ माया होती.

कारण सापडलं, म्हणून आयसीयूची नुसती तयारी ठेवून मॅडमनी वारंवार रक्त तपासलं. शहाळी बंद झाली आणि सोडियम हळूहळू चढू लागलं. बनुबाई दारातच खुर्ची टाकून बसली. गावाकडचं कुणी शहाळं घेऊन आलं, की ती त्याला तिथूनच परत पाठवायची.

मग एका दुपारी लालासाहेबांनी डोळे उघडले. "बने," ते म्हणाले, "पानी दे गं."

त्या हाकेसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. ती रडू लागली, तांब्याकडे धावली आणि थबकली. मग औषधाच्या टोपणात मोजून पाणी घेतलं, त्यांच्या ओठांना लावलं. "एवढंच, मालक. जास्त मागू नगा, माज्यानं न्हाई म्हनवत न्हाई." त्यांनी पुन्हा मागितलं. तिने तांब्या माझ्यामागे सरकवला आणि त्यांचा हात धरून बसली.

मित्रांनो, संशय मलाही येतो, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे, तेव्हा मनात शंका आली तर डॉक्टरांना उघड विचारा, पटेपर्यंत विचारा. आणि कृपा करून माझ्या हुकावर चादर टाकू नका. रिकामा दिसला तरी तो कामावर असतो.