माझ्यावर उभी राहणारी मधुवंती

मित्रांनो, मी एक जांभळी योगा मॅट आहे. जुनी म्हणावं इतकं काही माझं वय नाही. पण वस्तूला जुनं करायला वर्षं कुठे लागतात? एक सकाळही पुरते.

कारखान्यात मला तापवलं, फुगवलं आणि कापून माझी गुंडाळी केली. मी चांगली जाडजूड झाले, गुबगुबीत, वरून गुळगुळीत. पाठ टेकली की डोळा लागावा अशी. शेजारच्या बारीक, खरखरीत मॅटना मी 'वाळक्या' म्हणून चिडवायचे. माणसं कशी दिसण्यावर फुशारतात, तशीच मी.

अलिबागच्या दुकानात रेवदंड्याच्या अनुसूयाबाई आल्या. सोबत त्यांची सातवीतली मधुवंती होती. पोरगी सरळ वाळक्यांकडे गेली.

"आई, ही बघ. योगाच्या बाईंनी अशीच सांगितलीय. उभ्या आसनांना पाय रुतायला नको, म्हणाल्या."

"ही? पापडावर उभी राहणार आहेस काय गो?" अनुसूयाबाई दुकानदाराकडे बघून हसल्या. "त्या तुझ्या मैत्रिणीच्या, तेजस्वीच्या आईने असली आणली, म्हणून आपणही आणायची? ती जांभळी काढा हो. कशी गादीसारखी आहे!"

मी फुलून गेले. मधुवंतीने मात्र हातातली वाळकी परत जागेवर ठेवली.

त्यांच्या घरी ओटीवर मला पसरायचे. मित्रांनो, नुसत्या लादीवर ही पोर एका पायावर माडासारखी उभी राही. माझ्यावर आली की तिचा पाय रुते, घोटा लटलटे. त्यात आपल्याकडची दमट हवा! तळव्याला घाम सुटला की मी आणखीनच निसरडी होई.

"आई, ही घसरते गं."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" आतून उत्तर येई, आणि घरभर हसणं होई.

ही म्हण मी रोज ऐकली. दर वेळी वाटायचं, ओरडून सांगावं, "अहो, अंगण खरंच वाकडं आहे! ते अंगण मी आहे!" पण मॅटला जीभ कुठून असणार? तरी ती पोर मला ओल्या फडक्याने पुसायची, सावलीत वाळवायची. माझ्यावर कधी रागावली नाही.

मग जिल्ह्याच्या योगासन संघाची निवड आली. मधुवंतीला त्या संघात जायचंच होतं. दुसरं काही तिने मागितलंच नव्हतं. मॅट ज्याची त्याने आणायची, नुसत्या फरशीवर आसन चालणार नाही, असा नियम होता.

तिच्या आधी तेजस्वीचं झालं. ती आपली वाळकी मॅट घेऊन धावत आली. "मधू, माझी घे गं. तुझ्या मॅटवर तोल जातो ना तुझा?"

मधुवंतीने हात पुढे केला. तेवढ्यात अनुसूयाबाईंनी तो मागे ओढला. "उसनी मॅट? भिकेचे डोहाळे लागलेत काय आपल्याला? घाल स्वतःची."

तिने मला अंथरलं. वृक्षासन कसंबसं निभावलं. मग नटराजासन. एक पाय मागे उचलून तिने हातात धरला, दुसरा माझ्यावर. तिची बोटं मला धरू बघत होती आणि मी धरू देत नव्हते. मी मऊ होते ना! घोटा कलला, पाय सटकला आणि ती हातावर आपटली. मनगटातला आवाज सगळ्यात आधी मी ऐकला.

योगाच्या आश्लेषाबाई धावत आल्या. त्यांनी हाताला आधार दिला, मग माझ्यावर तळवा दाबून पाहिला. "अहो, ही निजून करायच्या आसनांची मॅट आहे. मी तिला सांगितलं होतं..."

"दुकानातली सगळ्यात चांगली आहे ती," अनुसूयाबाई म्हणाल्या. चार बायका बघत होत्या. "विचारा हिलाच. काय गो, मॅट वाईट आहे?"

मधुवंतीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "मॅट चांगलीच आहे. माझंच चुकलं."

मित्रांनो, फेकून दिलं असतं, फाडलं असतं, तरी इतकं लागलं नसतं.

प्लास्टर निघालं. मनगट जुळलं. पण मधुवंती पुन्हा एका पायावर उभी राहिली नाही. आता दुपारी अनुसूयाबाई कंबर दुखते म्हणून माझ्यावर पाठ टेकतात. "आहा, काय सुख आहे!" म्हणतात. "बघ मधू, इतकी छान मॅट. तुलाच जमली नाही." वापरून कुणी केलेलं माझं पहिलं कौतुक ते हेच. मधुवंती "हो आई" म्हणते आणि माझ्या कडेकडेने निघून जाते.

मित्रांनो, मी वाईट नाही हो. दुखऱ्या गुडघ्याला, टेकल्या पाठीला मी सुखच देते. पण उभं राहून तोल सांभाळायचा, तर माझ्यासारखी घेऊ नका. बारीक, घट्ट, पाय धरून ठेवणारी घ्या. रंग मागाहून बघा. आणि घरातलं मूल "घसरतं" म्हणालं, तर हसण्याआधी एकदा वाकून त्याच्या पायाखाली बघा. दोनदा-तीनदा सांगून झालं की मुलं सांगायचं सोडतात. मग ती तुमचंच म्हणणं खरं मानू लागतात.