माझ्या दारी न आलेला लॅपटॉप

मी एक जुना राऊटर आहे, मित्रांनो, आणि माझं डोकं कायम तापलेलं असतं. कपाटामागे, जळमटांत, एका खिळ्याला मला टांगलं आहे. घरातले संगणक एकमेकांशी बोलतात ते माझ्यामार्फत. पण विचारतो कोण?

कारखान्यातून खोक्यात बसून आलो तेव्हा काय माझं कौतुक! बाबांनी मला बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवलं होतं. "याला पाच दिवे आहेत," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. पुढे तेच दिवे डोळ्यांत खुपायला लागले आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. इंटरनेट चालू असलं की मी कुणाच्या खिजगणतीत नसतो. बंद पडलं की पहिली चापट मला!

आता त्या रविवारचं ऐका. या घरातली मावशी शिवणकाम करते. कपड्यांचे नमुने ती मापांसकट जुन्या संगणकावर काढून ठेवायची. हल्ली तिची बोटं आखडली आहेत. माऊस धरवत नाही, नवा नमुना काढणं तर लांबच. म्हणजे जुने नमुने हीच तिची सगळी पुंजी.

तो संगणक म्हातारा. विंडोज त्याला पेलेना, म्हणून ताईने, म्हणजे बाबांच्या लेकीने, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स ही हलकी प्रणाली घातली. तेव्हापासून तो मुकाट्याने चालतोय. पण पेन ड्राइव्ह लावायच्या जागा मोडलेल्या. मावशीला नवा विंडोजवाला लॅपटॉप आणला होता, त्यावर सगळे नमुने माझ्यामार्फत न्यायचे होते.

ताई सकाळीच बसली. लिनक्सवरचं फोल्डर लॅपटॉपसाठी खुलं केलं, दोन्ही संगणकांना एकाच गटाचं नाव दिलं, पासवर्ड घातला. लॅपटॉप म्हणतो, असा संगणक मला दिसतच नाही! तिने पासवर्ड बदलला. नाव बदलून पाहिलं. तरी पालथ्या घड्यावर पाणी.

"तुझं ते लिनक्सचं खूळ!" बाबा कडाडले. "आता सगळं पुसतो आणि तो डबा भंगारात देतो."

"आणि माझे नमुने हो, भावोजी?" मावशीने विचारलं.

"पुन्हा काढता येतील की."

मावशी आपली आखडलेली बोटं चोळत बसली. मला फार वाईट वाटलं.

अहो, पण दोष लिनक्सचा नव्हता आणि विंडोजचाही नव्हता. लॅपटॉप माझ्याकडे आलाच नव्हता! गेल्या महिन्यात रस्ता खणताना माझी तार तुटली होती. तेव्हा या मंडळींनी शेजारच्या काकांच्या वायफायचा पासवर्ड मागून आणला आणि नव्या लॅपटॉपला दिला. माझी तार जोडली गेली, पण लॅपटॉप काकांकडेच ठाण मांडून बसला. इंटरनेट चालतंय ना, मग कोण बघतो!

ताईने मला बंद करून पुन्हा चालू केलं. मी बंद असतानाही लॅपटॉपवर इंटरनेट चालूच होतं. एवढंही एकाच्या डोक्यात येऊ नये? दिवे लुकलुकवून मी थकलो. वर बाबांची चापट खाल्ली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

शेवटी सगळं पुसायला बाबा जुन्या संगणकासमोर जाऊन बसले. तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे काका उभे, वैतागलेले.

"अहो, तुमचं कुणी अजून आमच्या वायफायवर आहे का? सकाळपासून माझा सिनेमा अडकतोय!"

ताईने लॅपटॉपकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, थांबा! कशालाही हात लावू नका!"

तिने लॅपटॉप माझ्याशी जोडला. फोल्डर लगेच उघडलं. पहिलाच नमुना ताईच्या लहानपणच्या झग्याचा निघाला. मावशी हसलीही आणि रडलीही. आणि बाबा काय म्हणाले असतील? "नव्या लॅपटॉपची गोष्टच वेगळी!" घ्या!

ताईने मात्र मावशीला खरं ते सांगितलं. मावशीला माझा एवढा कळवळा आला की तिने त्याच झग्याचा नमुना लहान केला आणि मला अस्तर लावलेलं झबलं शिवलं. राऊटरला! आधीच मी तापट, त्यात हे.

मित्रांनो, माझा एखादा भाऊ तुमच्याही घरी असेल. त्याला मोकळ्या हवेत ठेवा. चापट मारण्याआधी आपण कुणाच्या वायफायवर बसलो आहोत ते पाहा. आणि हात जोडतो, त्याला कपडे घालू नका.

माझं झबलं मात्र कुणी काढू नका हं. दिवे दिसावेत म्हणून मावशीने त्याला पाच काजं केली आहेत, आणि त्या बोटांनी एक काज करायला तिला अख्खी दुपार लागते.