व्यायामाच्या सरांचा मनाचा तास

मुलांना मनाच्या आरोग्याबद्दल शिकवायचं, आठवड्यातून एक तास, असं ठरलं आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे मूग गिळून बसले. गणिताच्या बाईंना वह्या तपासायच्या होत्या, विज्ञानाच्या सरांचा धडा मागे पडला होता, भाषेच्या बाई तर या शाळेत चुकून आल्यासारख्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. फिरून फिरून तो तास व्यायामाच्या सरांच्या गळ्यात पडला. व्यायामाच्या सरांना काम नसतं, अशी शाळाशाळांतून एक समजूत आहे आणि ती कुणी दूर करेल असं वाटत नाही.

सरांना मनातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुरगळलेला पाय कळत होता, खरचटलेला गुडघा कळत होता. गेल्या वर्षी त्यांचा थोरला भाऊ अचानक गेला, तेव्हा दादाबद्दल त्यांनी कुणाशी चकार शब्द काढला नाही, नुसते पहाटे उठून धावत राहिले. वहिनी आणि पुतणी त्यांच्याकडेच राहायला आल्या. पुतणी सरांच्याच शाळेत सातवीत होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. कुणाचीही नक्कल करी, जेवताना घरच्यांना हसवून ठसका लावी. पोरीनं किती छान सावरलं, असं जो तो म्हणे. मोठी माणसं ही शाबासकी फार पटकन देऊन टाकतात. मग पुढे काही विचारावं लागत नाही ना.

सर मात्र आतून धास्तावले होते. भिंगरी डबा जवळजवळ तसाच परत आणत होती. तिची मनगटं बारीक झाली होती. विचारलं की ती एखादी नक्कल करून विषय उडवून लावी, आणि सरांना पुढे कसं विचारायचं ते सुचत नसे.

सातवीच्या तासाला सरांनी छापील कागद उघडला. दोन ओळी वाचेपर्यंत वर्ग जांभया द्यायला लागला. त्यांनी कागद मिटला आणि आपल्याला येतं त्यावर आले.

"मैदानावर कुणी पडलं तर काय करायचं?"

हे मुलांना झोपेतही येत होतं. त्याला ओढायचं नाही, बसवायचं, कुठे दुखतंय विचारायचं, एकटं सोडायचं नाही, मोठ्या माणसाला बोलवायचं.

"मग मनाला लागलं तरी हेच करायचं," सर म्हणाले. "फक्त इथे दुखापत दिसत नाही."

"पण सर, दिसत नसेल तर तो खोटंही सांगू शकतो," एक मुलगी म्हणाली. तिला वर्गात वकीलबाई म्हणत, आणि ते काही उगीच नाही.

"करून बघू," सर म्हणाले. "जखमी कोण होतंय?"

सगळ्यांच्या आधी भिंगरीचा हात वर. सोंग करायची संधी ती सोडते होय? ती पुढे येऊन जमिनीवर बसली आणि कण्हायला लागली. वर्ग खिदळला. वकीलबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"कुठे दुखतंय?"

"केसांच्या टोकाला," भिंगरी विव्हळली. पुन्हा हशा.

वकीलबाई हसली नाही. हशा विरेपर्यंत थांबली आणि हळू आवाजात तेच विचारलं. भिंगरीनं पुढच्या विनोदासाठी तोंड उघडलं, पण विनोद आला नाही. तिचा हात गळ्याखाली गेला.

"इथे. घास गिळताना जास्त."

"कधीपासून?"

"बाबा गेले तेव्हापासून."

पुरे, असं म्हणायला सर पुढे झाले आणि तिथेच थबकले. कुणीही न सांगता मागच्या बाकावरच्या लंबूनं उठून दार लोटलं, मग तो भिंगरीच्या पाठीशी पाठ लावून बसला, टेकता यावं म्हणून. कुणीतरी पाण्याची बाटली तिच्या हाताशी ठेवली, तिला घे घे म्हटलं नाही. रडू नकोस, असं तर एकाच्याही तोंडून निघालं नाही. दादा गेल्यावर सरांनी ते वाक्य आल्यागेल्याकडून ऐकलं होतं आणि स्वतःही सगळ्यांना ऐकवलं होतं. आपण तर यांना मुरगळलेल्या पायाचे नियम सांगितले होते. बाकीचं या एवढ्याशा पोरांनी कुठून आणलं? सरांच्या अंगावर काटा आला. रोज ज्यांना रांग मोडली म्हणून ओरडायचं ती हीच मुलं, यावर त्यांचा विश्वास बसेना.

"आता मोठ्या माणसाला सांगायचं," वकीलबाई म्हणाली. "सर आहेतच, तुझे काका."

भिंगरीनं मान हलवली. "काकांना नको. त्यांनाही तिथेच दुखतं. मी गप्प बसले की ते ताटावरून उठतात. नकला केल्या तर हसता हसता दोन घास खातात."

सर तिचा डबा बघत होते आणि ती वर्षभर त्यांचं ताट बघत होती.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी मिटलेला कागद पुन्हा उघडला. वकीलबाईनं क्षणभर विचार केला.

"म्हणजे जखमी दोघं आहेत. लंबू, मोठ्या बाईंना बोलाव. पळू नकोस, घाबरतील त्या."

मग तिनं सरांपुढे नुसता हात धरला. ओढलं नाही. सर भिंगरीशेजारी जमिनीवर बसले.

"सर, कुठे दुखतंय?"

काही नाही गं, म्हणून उठता आलं असतं. पण भिंगरी त्यांच्याकडे बघत होती.

"दादाची फार आठवण येते," सर म्हणाले. त्यांचे डोळे वाहायला लागले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

भिंगरीनं नक्कल केली नाही. त्यांच्या दंडावर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली, वर्षभराचं.

मोठ्या बाई आल्या. त्यांना बघून अख्खी शाळा ताडकन उभी राहते, पण आज एकही मूल उठलं नाही. वकीलबाईनं सरकून जागा केली. बाईंनी एकवार सरांकडे, एकवार पोरीकडे पाहिलं, आणि चपला दाराशी काढून त्या मुलांमध्ये जमिनीवर बसल्या.