हौश्याचा तिवा

शरयू जालन्यात वाढलेली. वडील विमा कंपनीत, आई शाळेत, घरात कधी मांजरसुद्धा पाळलेलं नव्हतं. तरी ती गुरांची डॉक्टर झाली आणि भोकरदन तालुक्यातल्या एका दवाखान्यात रुजू झाली. चार-पाच पावसाळे काढल्यावर पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचे गोठे तिला इतके ओळखीचे झाले, की कुठल्या दावणीला लाथ मारणारी गाय आहे हे तिला न सांगता कळे.

तिवा हा गुरांचा आजार तर तिला पाठच होता. पावसानं डबकी साचली, डास-चिलटं वाढली, की तो यायचा. जनावर तापानं फणफणायचं. सकाळी एका पायानं लंगडायचं, संध्याकाळी दुसऱ्याच पायानं. तोंडातून लाळ, रवंथ बंद. आणि तिसऱ्या दिवशी काही घडलंच नाही अशा थाटात उठून वैरणीला तोंड लावायचं. नाव पडलंय ते त्यावरूनच.

त्या श्रावणात तिथल्याच काकासाहेब नावाच्या शेतकऱ्याचा हौश्या बसला. पांढरा, उंचापुरा, भरल्या अंगाचा बैल. शरयू पोचली तेव्हा तो कान पाडून थरथरत होता आणि काकासाहेबांची बायको नंदाबाई हातात तेलाची बाटली घेऊन उभी होती.

"मावशी, ते पाजू नका," शरयू म्हणाली. "तिव्यात गिळता येत नाही नीट. तेल फुफ्फुसात गेलं तर त्यानंच मरेल."

नंदाबाईनं बाटली खाली ठेवली. शरयूनं इंजेक्शनं दिली. ताप चढलेला असतानाच रक्त घेतलं, कारण तिचा कॉलेजातला मित्र मुकुल पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होता आणि यंदा तिव्याचे नमुने पाठव म्हणून तिच्या मागे लागला होता. नळी बर्फात ठेवून ती निघाली.

"काळजी करू नका काका. तिसऱ्या दिवशी उठतोय बघा."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. हौश्या कडबाही खायला लागला. पण उठला नाही. पुढचे पाय टेकवायचा, मान ताणायचा, आणि मागचं धड जमिनीला चिकटवल्यासारखं तिथंच राहायचं.

"तुम्ही तर उठल म्हनल्ता," नंदाबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं, पण शरयूला मान वर करून बघवेना.

"जड जनावराला कधीकधी वेळ लागतो," ती म्हणाली. ते खरंही होतं. खाली मऊ वाळू अंथरायची, दिवसातून चार-सहा वेळा कूस बदलायची, मागच्या पायांना चोळायचं, डासांसाठी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करायची, एवढं सांगून ती बाहेर पडली. वाटेत आणखी दोन गोठ्यांतून हाका आल्या. तिथंही जनावरं बसलेलीच होती. आठवडा सरेपर्यंत शिवारातली बरीच जनावरं तिव्यातून उठली, पण काही खिळून राहिली आणि त्यातली दोन गेली. असं तिनं यापूर्वी पाहिलं नव्हतं.

गावात बोलणं सुरू झालं. उन्हाळ्यात लम्पीची लस टोचली होती, त्या लशीनंच जनावरं कमजोर केली, असं गावातला एक शेतकरी, भारत, उघड म्हणू लागला. भारतची दुभती गाय गेलेली. देवळाच्या ओट्यावर माणसं जमली होती, तिथं त्यानं शरयूला अडवलं.

"म्याडम, आता पुन्हा लस घेऊन याल तर आम्ही न्हाई टोचू देनार."

"द्वारकाबाईंच्या गाईला लस टोचलेलीच नव्हती," शरयू म्हणाली. "तीही बसली."

"मंग झालं काय यंदा? तिवा काय नवा हाय का?"

शरयूला आदल्या दिवशीच मुकुलचा फोन आला होता. "अगं, तिवाच आहे. पण विषाणूच्या बाहेरच्या आवरणात बदल दिसतायत. आमच्याकडच्या जुन्या नमुन्यांत ते नाहीत."

"म्हणून जनावरं बसतायत?"

"ते नाही सांगता येणार. तू नंतर पाठवलेला, तिसऱ्या दिवशी उठलेल्या गाईचा नमुनाही अगदी तसलाच निघालाय."

हे ओट्यावर कसं सांगायचं, याचा तिनं थोडा विचार केला. मग सरळच सांगितलं.

"हा विषाणू डासात वाढतो, मग जनावरात वाढतो. वाढतो म्हणजे स्वतःच्या नकला काढत जातो. नकला काढताना चुका होतात. बहुतेक चुका तिथंच मरतात, कारण त्याला डासाच्या पोटातही जगायचंय आणि बैलाच्या रक्तातही. पण एखादी चूक दोन्हीकडं खपून जाते. मग तीच पुढं पसरत राहते. यंदाच्या तिव्यात अशा थोड्या चुका सापडल्यात."

"म्हंजे त्याच्यामुळं माझी गाय गेली?"

"माहीत नाही."

कुणीतरी हसलं. भारत हसला नाही. "डाक्टरलाच म्हाईत न्हाई, तर आम्ही कुनाला इचारावं?" असं म्हणून तो ओट्यावरून उतरला, आणि त्याच्यामागं बाकीचेही पांगले. काहीतरी ठाम ठोकून दिलं असतं तर माणसं थांबली असती, हे शरयूला कळत होतं. तरी तिला ते जमलं नाही.

पोळा तोंडावर आला तसा हौश्याच्या कुशीला जखमा पडू लागल्या. शरयूनं एक दिवस जखमा धुतल्या, मलम लावलं आणि तिथंच बाजेवर बसली.

"काका, मला नाही वाटत आता हा उठेल. त्याचे हाल होतायत. मी एक इंजेक्शन देऊन त्याला शांत झोपवू शकते."

काकासाहेब म्हणाले, "तिला इचारा. म्या तर दिवसभर शेतात. कूस तीच पालटून राह्यली."

नंदाबाई तेव्हा हौश्याचा पाय चोळत होती. तिनं हात थांबवला नाही.

"खातो की न्हाई तो?"

"खातो."

"माझ्याकडं बघतो. हाक मारली की कान हलवतो. मंग मी कशी हो म्हनू? त्याला नको झालं तर तो खायचं सोडल. तवा बोलवीन तुम्हाला."

शरयूनं पुन्हा विषय काढला नाही. जखमांचं औषध जास्तीचं ठेवून ती गेली.

पोळ्याला जोडीतला चित्र्या एकटाच वेशीतून मिरवून आला. हौश्याची शिंगं नंदाबाईनं बसल्या जागी रंगवली, पाठीवर झूल टाकली आणि पुरणपोळी त्याच्या तोंडाजवळ धरली. त्यानं खाल्ली.

त्यानंतर कधीतरी, भर दुपारी, घरात कुणी नसताना हौश्या उठला. काकासाहेब शेतातून आले तेव्हा तो दावणीला उभा होता, पाय थरथरत होते, आणि खालच्या वाळूत धडपडल्याच्या खुणा होत्या. ते ओरडलेच. नंदाबाई विहिरीवरून पळत आली, त्याच्या मानेला मिठी मारून रडली, आणि मग तो पडेल या भीतीनं तिनं स्वतःच हात सोडला.

शरयू दुसऱ्या दिवशी बघून गेली. डावा मागचा पाय ओढत होता. तो तसाच राहिला. औत ओढणं काही त्याच्या नशिबी उरलं नाही. रब्बीची पेरणी ट्रॅक्टरनं झाली आणि हौश्या बांधावर चरत राहिला. काकासाहेबांनी त्याला ठेवून घेतलं. मुकुलकडून पुढं एवढंच कळलं, की आणखी दोन-तीन वर्षांचे नमुने मिळाल्याशिवाय काहीच ठरवता येणार नाही.

थंडी सरल्यावर शरयू लम्पीची लस घेऊन गावात आली. देवळापुढच्या पटांगणात निम्मी गुरंसुद्धा जमली नव्हती. भारत दुरून बघत उभा होता. नंदाबाई चित्र्याला घेऊन आली.

"म्याडम, ह्याला काही होनार तर न्हाई ना?"

शरयूच्या हातात भरलेली सिरिंज होती. "मावशी, एखाद्याला ताप येतो, गाठ येते. लस टोचूनही कधी आजार होतो. पण न टोचलेली जनावरं जास्त मरतात, एवढं मी पाहिलंय. बाकी शब्द देता येत नाही मला."

नंदाबाईनं चित्र्याची वेसण आखूड धरली, त्याचं तोंड आपल्या खांद्याला दाबून घेतलं आणि म्हणाली, "टोचा."