पोपटरावांच्या नावाचं कवच

"शिक्रापूरच्या चौकात सकाळीच फ्लेक्स लागलाय, राहेलबाई. आता मागं फिरता येत नाही," विभागप्रमुख डॉक्टर सत्यजीत म्हणाले आणि त्यांनी सहीचा कागद मायक्रोस्कोपशेजारी सरकवला.

विज्ञानात मागं न फिरण्याचं हे कारण राहेलनं पहिल्यांदाच ऐकलं.

शिरूरजवळच्या त्या कॉलेजात ती बावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होती, अजून करारावरच. कच्छहून आलेल्या खडकाचा चुरा ॲसिडमध्ये विरघळवायचा, उरलेल्या गाळाच्या स्लाईड करायच्या, त्यातली कवचं ओळखून वहीत मांडायची. सोळा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांची ही कवचं. वाईट दिवस आले की तो जीव स्वतःभोवती कवच करून तळाशी जाऊन बसे; दिवस पालटले की कवचाचं दार उघडून निघून जाई. दार कुठल्या अंगाला आणि कशा आकाराचं, यावरून जात ओळखायची. लेक अंगावर पीत होती तेव्हा राहेल मिशन कंपाउंडातल्या घरून पळत यायची, दोन पाजण्यांच्या मधल्या वेळात शंभर-दीडशे कवचं मोजून परत जायची. नुकत्याच निजलेल्या लेकराकडं बघावं तसं ती त्यांच्याकडं बघे. श्वाससुद्धा जपून घेई.

डॉक्टरसाहेबांनी यातलं एकही कधी मोजलं नव्हतं. खडकाशी त्यांचा संबंध सत्कारातल्या नारळाशी असतो तेवढाच. हातात घ्यायचा, फोटो काढून घ्यायचा, शेजारच्याकडं द्यायचा.

गेल्या महिन्यात त्यांना तिच्या एका स्लाईडच्या फोटोत पोटावर दार असलेलं कवच दिसलं. बाकी सगळ्यांचं दार पाठीवर, याचं पोटावर. म्हणजे नवी जात! आणि नवी जात म्हटल्यावर नाव आलं. संस्थेचे अध्यक्ष पोपटराव आप्पा यांचं नाव चौकाला, कमानीला, बसथांब्याला आणि व्यायामशाळेला देऊन झालं होतं. जमिनीवर काही शिल्लक नव्हतं. तेव्हा सोळा कोटी वर्षं खाली उतरणं भागच होतं. आणि आज आप्पांचा एकाहत्तरावा वाढदिवस होता.

"सर, ही नवी जात न्हाई," राहेल म्हणाली. "गोनिऑलासिस्टा हाय, कच्छच्या खडकात पोत्यानं सापडती ती. ह्याच स्लाईडवर एक्केचाळीस हायेत. हे एकटंच उताणं पडलंय, पोट वर करून. दार पाठीवरच हाय, खालच्या अंगाला."

"फोटोत पोटावर स्पष्ट दिसतंय."

"दिसणारच की. कवच आरपार. सॉफ्टवेअरनं वरचं-खालचं सगळं एकाच फोटोत चिकटवलंय. तुम्ही डोळा लावा, स्क्रू फिरवा. आधी पोट दिसंल, मग कंबरेचा पट्टा, आन् सगळ्यात शेवटी दार."

"माझे छत्तीस पेपर आहेत, बाई. तुम्ही साध्या बी.एस्सी."

"कवचाला कुठं म्हाईत हाय ते?"

डॉक्टर हसले नाहीत. "नव्या जातीच्या नोंदीवर निरीक्षक म्हणून तुमची सही लागते. आणि तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे. बाकी तुम्ही शहाण्या आहात."

तेवढ्यात जिन्यात गलका झाला. गळ्यात हार, खांद्यावर शाल अशा थाटात आप्पा आत आले. मागचे लोक दाराशीच थांबले.

"कुठाय आमचा किडा?"

"किडा नाही आप्पा, सूक्ष्मजीवाचं..."

"बघू तर." आणि डॉक्टरांनी कधी केलं नव्हतं ते आप्पांनी केलं. टोपी मागं सारून सरळ डोळा लावला.

राहेलनं त्यांचं बोट स्क्रूवर ठेवलं. "हळू फिरवा, आप्पा. काय दिसतंय?"

"रताळं."

"आजून."

"पट्टा दिसतोय. कडदोऱ्यावानी."

"आजून थोडं."

"हां, भोक हाय. लांब, पार तळाला."

"तेच दार. पाठीला हाय, आप्पा. ह्या कागदात पोटाला लिवलंय."

आप्पा वर झाले. पन्नास वर्षं उसाच्या मोळ्या पारखलेल्या माणसाला वरचं कुठलं अन् खालचं कुठलं हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांना कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांत ते दिसलं आणि राहेलला उगीचच आशा वाटली.

"आत कोण हाय?" आप्पांनी विचारलं.

"कुणी न्हाई. कवाच निघून गेलंय."

"सत्यजीत, बाई म्हंत्यात ते खरंय व्हय रं?"

"टेक्निकल मतभेद आहेत, आप्पा. चालतं ते."

"आन् फ्लेक्स लागलाय."

"लागलाय."

"मग मिटलं." आप्पांनी टोपी नीट केली. "करून टाका सही, बाई. हितं वाकून बघायला कोण येतंय?"

"तुम्ही आत्ता बघितलं, आप्पा."

"बघितलं की. बघून काय व्हतं?"

राहेलनं पेनाचं टोपण लावलं. "मी न्हाई करणार."

कुणी आवाज चढवला नाही. आप्पांनी खांदे उडवले आणि ते केकच्या दिशेनं निघाले. डॉक्टर मागं रेंगाळले, कागदाची घडी घातली. "कार्यक्रम संपला की प्रयोगशाळेची चावी त्या नव्या सहायक अंकिताकडं द्या. सही तीही करू शकते. उद्यापासून तुम्ही परीक्षा विभागात, पाकिटं चिकटवायला."

थोड्या वेळानं खालून लाउडस्पीकर लागला. आप्पांचं नाव काळानं सोळा कोटी वर्षांपूर्वीच कोरून ठेवलं होतं, असं डॉक्टर सत्यजीत गहिवरून सांगत होते. टाळ्या पडल्या.

राहेलनं स्लाईड काढली. तिच्या एका टोकाला डॉक्टरांनी आधीच छापील लेबल चिकटवलं होतं, आप्पांच्या नावाचं, सोनेरी कडेचं. त्याला तिनं हात लावला नाही. ड्रॉवरमधून काच कापायची हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल घेतली. दुसऱ्या टोकाला, दोन बोटांत स्लाईड धरून, तिनं जातीचं खरं नाव कोरायला घेतलं. एकेका अक्षराला काच बारीक किरकिरत होती. नावाखाली तिनं लिहिलं, दार पाठीवर. शेवटी काचेची भुकटी फुंकून उडवली, स्लाईड पदरानं पुसली आणि उजेडाकडं धरून एकदा वाचली.